मदत हवी आहे : परभणीहून स्पिती खोरे, सोबत वडील आणि मुलगी. कोणत्या बाजूने चढावे?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या उत्तरार्धात हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात जाण्याचे जवळजवळ ठरले आहे. आरक्षणाचे पैसे भरण्यापूर्वी तिकडे जाऊन आलेल्यांचा सल्ला हवा आहे. आम्ही चौघे आहोत : मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि सहासष्ट वर्षांचे वडील. वडिलांना रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे, परंतु आजही ते दिवसभर शेतात वावरतात. महिना शेतीमुळेच ठरला आहे. मे महिन्यात कुंझुम खिंड बहुधा बर्फाखाली असते, जूनमध्ये पेरणी येते, आणि दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची काढणी सुरू झाली की घरातून कोणालाच हलता येत नाही. म्हणून महालक्ष्म्यांचा सण आटोपला की निघायचे आणि काढणीपूर्वी परतायचे, असे सुमारे दोन आठवडे हाताशी आहेत.

खरी अडचण मार्गाची आहे. येथील एका सहल व्यावसायिकाने जो कार्यक्रम दिला आहे, त्यात मनालीहून निघून अटल बोगद्यातून पलीकडे जायचे, पहिला मुक्काम थेट चंद्रताल या तळ्याजवळच्या तंबूत करायचा, दुसऱ्या दिवशी कुंझुम ओलांडून स्पितीतील मुख्य गाव काझाला पोहोचायचे आणि दोन रात्रींनी त्याच वाटेने परतायचे, असे आहे. परभणी समुद्रसपाटीपासून जेमतेम चारशे मीटर उंचीवर आहे, मनाली सुमारे दोन हजार मीटरवर आणि चंद्रताल सव्वाचार हजारांच्या आसपास. एका दिवसात दोन हजारांहून अधिक मीटर चढून तेथेच झोपायचे, हे माझ्या मनाला पटत नाही. शंका विचारली तेव्हा ‘सगळे असेच जातात, कापूर हुंगायला ठेवा’ असे उत्तर मिळाले. शिमला-किन्नौरच्या बाजूने सावकाश चढावे, असे मी वाचले आहे. परंतु त्या मार्गाने दिवस पुरतील का आणि मुक्काम नेमके कोठे करावेत, हे कळत नाही. नांदेडची सचखंड एक्स्प्रेस आम्हाला परभणीत मिळते, ती अंबाल्याला सोडून पुढे शिमल्याला जाण्याचा विचार आहे.

दुसरा प्रश्न तेथे काय करावे, याविषयी आहे. गाडीतून उतरायचे, छायाचित्र काढायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे, अशी सहल आम्हाला नको आहे. रोज दोन-तीन तास पायी हिंडता येईल, अशा वाटा हव्या आहेत. मात्र अवघड चढाईचा अनुभव कोणालाही नाही. वडिलांची एक वेगळीच इच्छा आहे. तिकडे पाऊस जवळजवळ पडत नसतानाही लोक वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर जव आणि मटार पिकवतात, हे कळल्यापासून त्यांना ती शेते पाहायची आहेत. आपला मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आणि तो हिमालयाच्या. त्यामुळे त्यांची उत्सुकता मी समजू शकतो.

कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (लातूर)

आपली शंका अगदी रास्त आहे आणि तो कार्यक्रम आपण नाकारावा, असे मी स्पष्टपणे सांगेन. तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढू नये, हा सर्वमान्य नियम आहे, आणि त्यात महत्त्व दिवसा गाठलेल्या उंचीपेक्षा झोपण्याच्या उंचीला आहे. चंद्रतालला रात्री त्रास झाला तर आसपास रुग्णालय नाही, आणि तेथून मनालीकडे उतरणारा बातल-ग्राम्फूचा दगडगोट्यांचा रस्ता अंधारात उतरणे कोणत्याही चालकाला नको असते. कापराच्या वासाने रक्तातील प्राणवायू वाढत नाही.

शिमल्याहून निघाल्यावर सराहनला एक आणि कल्पाला दोन रात्री काढा. कल्पा तीन हजार मीटरच्या किंचित खाली आहे आणि किन्नर कैलासाचे शिखर समोर असल्यामुळे थांबल्याचा कंटाळा येत नाही. पुढे बरेच जण नाकोला मुक्काम करतात, परंतु नाको ३,६०० मीटरच्या वर असल्याने कल्पाहून तेथे झोपायला जाणे म्हणजे सातशे मीटरची उडी होते. त्याऐवजी खाबला सतलज आणि स्पितीचा संगम पाहून, नाकोला दुपारचे जेवण घेऊन ताबोला उतरावे. ताबो सुमारे ३,२८० मीटरवर आहे; म्हणजे दिवसा उंची गाठून रात्री खाली झोपणे आपोआप साधते. प्रवास दिवसभराचा आहे, तेव्हा कल्पाहून पहाटेच निघा. सांगला आणि छितकुल सुंदर आहेत, पण तुमच्या दिवसांत बसणार नाहीत. ते सरळ गाळा.

ताबोला दोन रात्री काढाव्यात. तेथील मठ इ.स. ९९६ मधला असून मातीच्या भिंतींवरील चित्रांमुळे त्याला ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणतात. आत छायाचित्रण करू देत नाहीत आणि अंधार असतो, त्यामुळे लहान विजेरी जवळ ठेवा. आपण मराठवाड्याची माणसे, तेव्हा मनात तुलना होणारच. ती बाजूला ठेवून निवांत पाहिले तर अधिक दिसते. दुसऱ्या दिवशी धनकरला जा. मठाच्या वरच्या तळ्यापर्यंत तास-दीड तासाची चढण आहे आणि तीच तुमची परीक्षाही ठरेल : वडिलांना किंवा मुलीला ती जड गेली, तर काझाला आणखी एक दिवस विश्रांती द्यायची, हे तेव्हाच ठरवता येईल.

काझाला तीन रात्री ठेवा. लांग्झा, हिक्कीम आणि कोमिक ही गावे ४,४०० मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच आहेत, म्हणून ती दिवसा पाहून झोपायला काझालाच उतरावे. लांग्झा ते हिक्कीम हा टप्पा मोकळ्या माळावरून पायी करता येतो; गाडी पुढे पाठवून द्यावी. लांग्झ्याच्या परिसरात टेथिस या प्राचीन समुद्रातील जीवांचे जीवाश्म सापडतात. मुलीला ते जरूर दाखवा, परंतु विकत घेऊ नका आणि उचलूनही आणू नका. ‘की’ नावाचा मठ, किब्बर गाव आणि खोल घळीवरचा चिचमचा पूल यांत एक दिवस जातो. पिन खोऱ्यातील मुध गावाजवळ नदीकाठची वाट बरीचशी सपाट आहे आणि माझ्या मते चालण्यासाठी अख्ख्या स्पितीत तिच्याइतकी सुखाची जागा नाही.

वडिलांना सांगा, तिकडे पाटांना ‘कूल’ म्हणतात; वरचे वितळते पाणी त्यांतून शेतांपर्यंत येते आणि वर्षात एकच पीक निघते. मटार तोवर संपलेला असेल, जवही बहुतेक कापलेला असेल, पण कूल पाहायला मिळतील आणि गावकऱ्यांशी हिंदीत बोलता येईल.

परतताना मनालीच्या वाटेने या : कुंझुमच्या अलीकडील लोसर गावी मुक्काम करून सकाळीच कुंझुम ओलांडा, चंद्रताल दिवसा पाहा आणि रात्री अटल बोगद्याजवळच्या सिस्सूपर्यंत उतरा. दुपारी बर्फ वितळून नाल्यांचे पाणी वाढते, त्यामुळे ते ओलांडायचे तर सकाळीच. अवेळी बर्फ पडून खिंड बंद झाली, तर किन्नौरमार्गेच परतावे लागेल. त्यासाठी एक-दोन दिवस मोकळे ठेवा.

प्रतिसाद २ (छत्रपती संभाजीनगर)

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, म्हणून केवळ औषधांविषयी लिहितो. डायमॉक्स म्हणजेच ॲसिटाझोलामाइड ही गोळी उंचीशी जुळवून घेण्यास मदत करते, परंतु सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या असतात. त्यांच्यासोबत डायमॉक्स सुरू करायची की नाही, हे वडिलांच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच ठरवावे. रक्तदाबाची गोळी मात्र परस्पर बंद करू नये. मुलगी डोके दुखते असे सांगेलच, असे नाही. तिने जेवण नाकारले, चिडचिड केली किंवा उलटी झाली, तर कारण उंची आहे असे समजूनच वागावे. चालताना तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे, ही लक्षणे दिसल्यास सकाळची वाट न पाहता खाली उतरावे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे मनःपूर्वक आभार. मनालीकडून चढण्याचा बेत रद्द केला आहे आणि वडिलांच्या गोळीविषयी उद्याच डॉक्टरांना विचारतो. आता दोन शंका उरल्या. घरगुती निवासांत डाळ-भात नीट शिजलेला मिळतो का, कारण वडिलांना बाहेरचे फारसे चालत नाही? आणि गाडी शिमल्याहूनच संपूर्ण प्रवासासाठी ठरवावी, की काझापर्यंत बसने जाऊन पुढे स्थानिक गाडी घ्यावी?

प्रतिसाद १ (लातूर)

उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून उघड्या भांड्यात डाळ शिजत नाही. पण तिकडे घरोघरी कुकर असतो, त्यामुळे काळजी नसावी. पहिल्या दोन-तीन दिवसांपुरती धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी मात्र न्याच. गाडी संपूर्ण प्रवासासाठी किन्नौर किंवा स्पितीच्याच चालकाची ठरवा. बस स्वस्त पडते, परंतु वडिलांना वाटेत थांबावेसे वाटले तर ती थांबणार नाही. रोख रक्कम शिमल्यातच काढून ठेवा. काझाच्या एटीएमवर विसंबू नका.