डिस्पेन्सिंग असिस्टंटचं प्रशिक्षण: चूक वेळेत पकडली गेली, पण आता हात चालत नाही

निशिगंध:

मंडळी, जरा मोकळेपणाने लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी गेले पाच महिने औषधाच्या दुकानात डिस्पेन्सिंग असिस्टंटचं प्रशिक्षण घेते आहे. वय एकेचाळीस. आधीची अकरा वर्षं घरी सासूबाईंच्या आजारपणात गेली. त्यांच्या गोळ्यांचे डबे भरता भरताच या कामाची ओढ लागली. अभ्यासाची वही भरणं, प्रश्नांची उत्तरं लिहिणं जड जात नाही. रात्री जेवणं उरकली की बसते. प्रश्न हाताखालच्या कामाचा आहे.

तीन आठवड्यांपूर्वी दुपारी काउंटरवर तिघं उभे होते आणि फोन वाजत होता. चिठ्ठीवर अम्लोडिपिन (रक्तदाबाची गोळी) ५ मिलिग्रॅम, रोज एक, २८ गोळ्या. लेबल मी बरोबर काढलं. ड्रॉवरमधून खोकं मात्र १० मिलिग्रॅमचं उचललं. कंपनी तीच, रंगाची पट्टी जवळजवळ तीच, दोन्ही खोकी शेजारी शेजारी. लेबल चिकटवलं, सही केली, ट्रे तपासणीला सरकवला.

फार्मासिस्ट बाईंनी ते पकडलं. आवाज चढवला नाही, रागावल्या नाहीत. खोकं माझ्यासमोर ठेवून एवढंच म्हणाल्या, "वाचा." मी वाचलं, आणि मोठ्याने "पाच" म्हणाले. समोर दहा छापलेलं असताना! त्यांनी आकड्याखाली बोट ठेवलं तेव्हा कुठे मला दहा दिसले.

चूक झाली याचं वाईट वाटतंच, पण दुसऱ्यांदा बघूनही दिसली नाही याची जास्त भीती बसली आहे. तेव्हापासून प्रत्येक खोकं चार-पाच वेळा वाचते. माझ्याबरोबरची मुलगी तीन ट्रे पुरे करते तेव्हा माझा एक होतो. वेग वाढवा असं वरून सांगणं आलंय आणि पुढच्या महिन्यात माझ्या कामाचं प्रत्यक्ष निरीक्षण आहे.

तुम्ही स्वतःचं काम स्वतः कसं तपासता? आणि हा प्रसंग प्रशिक्षणाच्या फाइलमध्ये लिहावा का? माझ्याविरुद्ध जाईल असं एकीने सांगितलं, म्हणून अजून लिहिलेला नाही.

आणखी एक, हे लिहायला संकोच वाटतो. पातळ औषधाची गणितं चुकतात. "५ मिलि दिवसातून तीनदा, सात दिवस" याला मी १०० मिलिची एक बाटली लिहिली आणि उत्तर चूक आलं.

---

दवबिंदू:

निशिगंध, तुम्ही खोकं वाचून "पाच" म्हणालात तो भाग मी दोनदा वाचला. मलाही हे झालेलं आहे. सतरा वर्षं या कामात आहे, आता नव्या लोकांचं काम तपासते, आणि सांगते की जवळपास प्रत्येकाला हे होतं. नजर अक्षर न् अक्षर वाचत नाही. डोक्यात "अम्लोडिपिन पाच" घेऊन ड्रॉवर उघडला की डोळे तेच शोधतात, आणि जवळपास तसं काही मिळालं की तिथेच थांबतात. म्हणून पाच वेळा वाचून उपयोग होत नाही. एकाच नजरेने पाचदा वाचलं तर पाचही वेळा तेच दिसतं. वाचण्याची रीत बदलायला हवी.

आधी मला एक सांगा, तुम्ही औषध काढता ते चिठ्ठी बघून की लेबल बघून? लेबल हातात घेऊन ड्रॉवरकडे जायची सवय फार जणांना असते, कारण लेबल छापील असतं, वाचायला सोपं असतं. पण ते लेबल आपणच टाइप केलेलं असतं. तिथे चूक झाली असेल तर औषधही त्याच चुकीला जुळणारं निघतं, आणि शेवटी लेबल आणि खोकं शेजारी धरली की दोन्ही एकमेकांशी छान जुळतात! औषध काढायचं ते चिठ्ठीवरूनच. मग खोकं चिठ्ठीशी ताडायचं, लेबल चिठ्ठीशी ताडायचं, आणि चिकटवताना लेबल खोक्याशी. तुमच्या प्रसंगात लेबल बरोबर होतं, म्हणजे हा शेवटचा ताळा नीट झाला असता तर चूक तुमच्याच हातात सापडली असती.

वाचताना मी उलटी जाते. आधी मात्रा, मग रूप (गोळी, कॅप्सूल, हळूहळू विरघळणारी गोळी), आणि नाव सगळ्यात शेवटी. नावाने सुरुवात केली की डोकं पुढचं आपोआप भरून टाकतं, आकड्याने केली की भरता येत नाही. आकड्याखाली बोट ठेवायचं आणि ओठ हलवून म्हणायचं. तुमच्या बाईंनी बोट ठेवल्यावर तुम्हाला दहा दिसले ना? ते बोट आता तुमचं असू द्या. लोक बघतील तर बघू देत.

नावांचा घोळ वेगळा. कार्बामाझेपिन फिट्सचं आणि कार्बिमाझोल थायरॉइडचं. प्रेडनिसोलोन आणि प्रोप्रॅनोलोल. हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन. अॅझाथायोप्रिन आणि अॅझिथ्रोमायसिन. अशा जोड्यांसाठी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००१ साली नावातला वेगळा तुकडा मोठ्या अक्षरांत छापायची पद्धत सुरू केली, म्हणजे फरक असतो तिथेच नजर अडखळावी. तुमच्या ड्रॉवरमधल्या अशा जोड्या स्वतः शोधून एका कागदावर लिहा. दुसऱ्याने दिलेली यादी डोक्यात राहत नाही. आणि अम्लोडिपिनची ५ आणि १० शेजारी ठेवायची गरज नाही. मध्ये दुसरं काहीतरी ठेवता येईल का, बाईंना विचारा. शिकाऊ आहात म्हणून हे सुचवायचं नाही असं मनात आणू नका.

मेथोट्रेक्सेटबद्दल वेगळं लिहायलाच हवं. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं गेलं तर माणूस जाऊ शकतो, जगभर असं घडलेलं आहे. त्या चिठ्ठीवर किंवा लेबलवर "रोज" दिसलं तर हातातलं काम तिथेच ठेवा आणि फार्मासिस्टकडे जा. वार नेमका कोणता, तोही लेबलवर असायला हवा.

काम अर्धवट असताना फोन घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. घ्यावाच लागला तर परत आल्यावर तो ट्रे पहिल्यापासून करा, "इथपर्यंत झालं होतं" म्हणून पुढे जाऊ नका. एका ट्रेमध्ये एकाच माणसाची औषधं. उरलेलं खोकं आधी जागेवर, मगच पुढची चिठ्ठी.

वेगाचं तुम्ही मनावर घेऊ नका असं म्हणणार नाही, कारण समोर आजारी माणूस ताटकळत असतो, तेही खरंच आहे. पण वेग मागून येतो. नेमक्या चार हालचाली ठरल्या की पाचदा वाचायची गरज राहत नाही, आणि वेळ तिथेच वाचतो.

---

फार्मासिस्ट_मोरपीस:

फाइलबद्दल तेवढं लिहितो. ताई, प्रसंग जरूर लिहा. मी फार्मासिस्ट आहे, शिकाऊ लोकांच्या फाइली बघतो. ज्या फाइलमध्ये वेळेत पकडली गेलेली एकही चूक नाही तिच्यावर माझा विश्वास बसत नाही.

रुग्णापर्यंत न पोचलेल्या चुकीची नोंद हा आमच्या कामातला सगळ्यात उपयोगी कागद आहे. आठवड्याच्या नोंदी समोर ठेवल्या की कळतं, दुपारी अमुक वेळेला चुका वाढतात, अमुक दोन खोकी वारंवार अदलाबदल होतात. मग माणूस बदलायच्या आधी मांडणी बदलता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याची मोहीम सुरू केली, तिचाही रोख एकट्या माणसाला दोष देण्यापेक्षा कामाच्या रचनेकडे आहे.

लिहिताना रुग्णाचं नाव, पत्ता, जन्मतारीख काहीही नको. काय घडलं, का घडलं असावं, त्यानंतर तुम्ही काय बदललं, हे तीन लिहा. तिसऱ्या भागाला जास्त जागा द्या.

निरीक्षणाच्या दिवशी बघणारा आणखी एक गोष्ट बघतो: तुम्ही कुठे थांबता. डोस ठीक आहे का, दोन औषधं एकमेकांना चालतात का, हे ठरवणं तुमचं काम नाही, माझं आहे. पण तुम्ही काउंटरवर असता. "या वेळी गोळीचा रंग वेगळा का?" किंवा "ही गोळी घेतल्यापासून चक्कर येते" हे रुग्ण तुम्हाला सांगतो, मला नाही. ते माझ्यापर्यंत आणलंत तर तुम्ही काम चोख केलंत. स्वतःच "काही होत नाही हो" म्हणालात तर नाही.

औषध हातात देताना "तुम्ही अमुकच ना?" असं विचारू नका. ऐकू कमी येणारा माणूसही मान हलवतो. नाव आणि पत्ता त्यालाच सांगू द्या.

---

अनुप्रिया:

गणिताचा संकोच सोडा गं, मी यात दोनदा नापास झाले होते.

५ मिलि × ३ = १५ मिलि रोज. १५ × ७ = १०५ मिलि. बाटली १०० ची, म्हणजे शेवटचा एक डोस कमी पडतो. म्हणून दोन बाटल्या. "१०५ म्हणजे जवळपास १००" असं घरच्या हिशोबात चालतं, इथे नाही.

आता यात मिलिग्रॅम घाल. चिठ्ठीवर २५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस, आणि बाटलीवर ५ मिलिमध्ये १२५ मिलिग्रॅम. एका वेळी १० मिलि, रोज ३० मिलि, एकूण २१० मिलि. १०० मिलिच्या तीन बाटल्या. मी आधी नेहमी "एका वेळी किती मिलि" हे वेगळ्या ओळीत लिहून त्याभोवती गोल करते. चूक होते ती तिथेच, गुणाकारात क्वचित.

मायक्रोग्रॅम पूर्ण शब्दात लिहायची सवय लाव. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजारपट फरक आहे. थायरॉइडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी म्हणजे ०.०२५ मिलिग्रॅम. दशांश चिन्हाआधी शून्य नेहमी लिही (०.५), आणि पूर्ण आकड्यापुढे कधीच नको, कारण ५.० मधला ठिपका पुसट असला की ५० वाचलं जातं.

भुकटीचं औषध करताना आधी बाटली हातावर आपटून भुकटी मोकळी कर, मग पाणी दोन भागांत घाल आणि मध्ये हलव. सगळं एकदम ओतलं तर तळाला गोळा राहतो. पाणी मोजताना डोळे रेषेच्या पातळीवर आण. आणि बनवल्यानंतर किती दिवस चालेल ते लेबलवर लिही. खोक्यावरची मुदत कोरड्या भुकटीची असते.

---

निशिगंध:

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सोळा दिवस लागले, कारण आधी करून बघायचं ठरवलं होतं.

दवबिंदूताई, तुम्ही बरोबर ओळखलंत. मी लेबल घेऊनच ड्रॉवरकडे जात होते. हे कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप पडलेली सवय. ती मोडायला पहिले चार दिवस फार त्रास झाला. आता लेबल ट्रेमध्ये उलटं ठेवते, म्हणजे बघायचा मोहच होत नाही. जोड्यांच्या कागदावर एकोणीस नावं झाली आहेत. अम्लोडिपिनच्या ५ आणि १० मध्ये बाईंनी दुसऱ्या दिवशीच एक रिकामा कप्पा सोडला.

प्रसंग फाइलमध्ये लिहिला. दीड पान झालं. त्यात मी "लक्ष नव्हतं" असं लिहिलं होतं. बाईंनी ते खोडायला लावलं. म्हणाल्या, लक्ष होतं, फोन वाजत होता, तो लिहा.

आणि गेल्या गुरुवारची गोष्ट. चिठ्ठीवर मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) ५०० मिलिग्रॅम, हळूहळू विरघळणारी. आकडा, मग रूप, मग नाव, असं बोट ठेवत चिठ्ठीवरून खोकं काढलं. लेबल सरळ करून ताडलं तर लेबलवर साधी मेटफॉर्मिन. संगणकाच्या यादीत वरचं नाव मीच निवडलं होतं. जुन्या पद्धतीने गेले असते तर साधं खोकं काढलं असतं आणि दोन्ही जुळलंही असतं.

मी तशीच बाईंकडे गेले आणि दाखवलं. त्यांनी लेबल घेतलं, फाडलं, आणि नोंदवही माझ्याकडे सरकवली. नोंद मी माझ्या हाताने केली.

वेग अजून कमीच आहे, त्या मुलीचे तीन होतात तेव्हा माझे दोन. निरीक्षण मंगळवारी सकाळी आहे. अनुप्रिया, २१० मिलिचं गणित आज रात्री परत सोडवते, न बघता.