छताखाली स्प्रे फोम की ग्लासवूल? तातडीने मदत हवी आहे

उंबरठा: घराचं काम चालू आहे. छताखाली इन्सुलेशन घालायचंय. कंत्राटदार स्प्रे फोम म्हणतो, सुतार म्हणतो ग्लासवूलच्या पट्ट्या. उद्या सांगायचंय. काय घेऊ?

दीपस्तंभ: छत कसलं आहे? स्लॅब, पत्रा, कौलं? खाली राहती खोली की नुसता माळा?

रंधा: फोमच घ्या. क्लोज्ड सेल फोमची (बंद बुडबुड्यांचा, घट्ट प्रकार) आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवायची ताकद, इंचाला 6 ते 7, ग्लासवूलची जेमतेम साडेतीन. शिवाय फटी बुजतात, वारा येत नाही. आमच्या वरच्या खोलीत आता दुपारी बसवतं.

करवत: इंचाचा हिशोब जागा कमी असेल तेव्हा. वासे खोल असतील तर जाड पट्टी घाला, तेवढीच आर-व्हॅल्यू मिळते. फोम एकदा चिकटला की पुढे वायर बदलायला खरवडत बसावं लागतं.

रंधा: पट्ट्या नीट बसवतो कोण? वायरीमागे कोंबतात, कोपरे उघडे राहतात. दाबलेल्या पट्टीचा उपयोग कमी होतो.

करवत: तो हाताचा दोष, मालाचा नव्हे. वायर आली की पट्टी मधून चिरायची, अर्धी मागे, अर्धी पुढे. फोमच्या दोन रसायनांचं प्रमाण चुकलं तर तो आक्रसतो आणि वास जाता जात नाही. एका दमात जाड थर मारला तर आतून करपतोही.

पागोळी: आम्ही पत्र्याला वरून पांढरा रंग दिला. खूप फरक पडला. तेच करा.

उंबरठा: रंगाचं विचारलेलं नाही. लाकडी वासे, वर पत्रा. माळ्यावर मुलांची अभ्यासाची खोली करायचीय. एका कोपऱ्यात पावसाळ्यात डाग येतो, किरकोळ आहे. आता सांगा, फोम की ग्लासवूल?

दीपस्तंभ: अहो, डागाचं आधी सांगायला हवं होतं. क्लोज्ड सेल फोममधून पाणी खाली उतरत नाही, त्यामुळे गळती दिसणार नाही आणि वासा आतल्या आत कुजेल. पट्टी निदान काढून बघता येते. आधी पत्रा दुरुस्त करा, मग लाकडाची ओल मीटरने मोजा. 19 टक्क्यांच्या वर असेल तर काहीही झाकू नका.

करवत: पट्ट्या घातल्यात तर पत्र्याखाली हवा खेळायला फट सोडा.

रंधा: गळती काढल्यावर फोमला हरकत काय?

दीपस्तंभ: हरकत नाही, पण मुलांच्या खोलीत तो उघडा ठेवू नका, पेट घेतो. वर अर्धा इंची जिप्सम बोर्ड हवाच. फवारणीत आयसोसायनेट हे फोममधलं रसायन उडतं, ते फुप्फुसांना वाईट. किमान 24 तास घरात कोणी नको, कंपनीने जास्त सांगितलं असेल तर तेवढे.

पागोळी: जिप्समच्या सांध्यांना भेगा जातात हो. आमच्याकडे गेल्या.

करवत: सांध्यांवर जाळीची टेप लावून लांबी (पुट्टी) भरली होती का?

उंबरठा: कंत्राटदाराला थांबवलंय. पत्रेवाला परवा येतोय. ओल फक्त डागाच्या कोपऱ्यात मोजू की सगळे वासे?

दीपस्तंभ: सगळे. पाणी उतारावरून वाहत येतं, डाग भलतीकडेच पडतो.