मनी मांजरीचं पोट बिघडलंय, कुठलं खाणं आणू?

सी-३०२ वहिनी: मनीचं पोट ३ आठवडे झाले ठीक नाही. दिवसातून ५-६ वेळा थोडं थोडं, शेंबडासारखं, कधी लाल ठिपका. वय ३ वर्षं, वजन ४ किलो, भूक चांगली. जंताची गोळी झाली, तीन पाकिटं बदलून झाली. आता कुठलं आणू?

ए-१०४ डॉक्टर अक्का: वारंवार, थोडं थोडं, शेंबूड, ताजं रक्त म्हणजे त्रास मोठ्या आतड्याचा. लहान आतड्याचा असता तर एका वेळी भरपूर पातळ झालं असतं आणि वजन उतरलं असतं. खाण्याचं नंतर बघू, आधी शी तपासा. जिआर्डिया म्हणजे आतड्यातला सूक्ष्म परजीवी, तो रोज शीत उतरत नाही, म्हणून ३ वेगवेगळ्या दिवसांचे नमुने. वाळू न चिकटलेला भाग स्वच्छ डबीत, काही तासांच्या आत. गोळी नुसती प्राझिक्वांटेल-पायरँटेलची असेल तर जिआर्डियाला ती लागू पडत नाही.

बी-२०१ अण्णा: आणि तीन पाकिटं बदलली म्हणता, पण बदललं काय? पुढे ‘ओशन फिश’ लिहिलेलं असतं, पाकीट उलटून घटक वाचले की बहुतेकदा कोंबडी असते. मांजराच्या दृष्टीनं तेच खाणं, पिशवी नवी.

डॉक्टर अक्का: बरोबर बोलला अण्णा. मांजरांना जास्त करून कोंबडी, मासे आणि बीफच बाधतात. तपासणीत काही नाही निघालं तर दोन वाटा. एक, हायड्रोलाइज्ड खाणं. त्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की शरीर त्यांना ओळखत नाही. हिल्सचं झेड/डी, रॉयल कॅनिनचं हायपोअलर्जेनिक त्यातलं. दुसरी, मनीनं आजवर न खाल्लेलं मांस.

सी-३०२ वहिनी: मटण कधीच नाही दिलं.

डॉक्टर अक्का: मग बकऱ्याचं, चरबी काढून. नुसत्या पाण्यात शिजवा. कांदा-लसूण अजिबात नको, मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेलं १२०-१४० ग्रॅम दिवसाला, ४ वेळा वाटून. शिजवलेलं पाणी ओतून टाकू नका, टॉरिन हे मांजराला लागणारं पोषक द्रव्य त्यात उतरतं. तरी हे २-३ आठवड्यांपुरतंच. नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं, आणि टॉरिन कमी पडत गेलं की हृदय आणि डोळे जातात. पुढे चालवायचं तर पूरक पावडरचं माप लिहून घ्यावं लागेल.

बी-२०१ अण्णा: बदल एकदम नको. २ दिवस पाव भाग नवीन, २ दिवस निम्मं, २ दिवस पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. चौथ्या दिवशीच ‘हे पण सोसत नाही’ म्हणून दुसरं पाकीट आणायला येतात लोक, तिथंच सगळं फसतं. पूर्ण नवीन सुरू झाल्यावर २ ते ४ आठवडे थांबा.
आणि आपल्या पावसात सुटं खाणं बरणीत ओतू नका. तळाशी जुनं तेल खवट होतं. पिशवीसकट घट्ट डब्यात ठेवा.

सी-३०२ वहिनी: इसबगोल चालेल काय?

डॉक्टर अक्का: मोठ्या आतड्याला चालतं. साधं, बिनसाखरेचं, पाव चमचा, पाण्यात फुगवून ओल्या खाण्यात. कोरडं घातलं तर उलट खडा होईल. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या मात्र नकोत. पॅरासिटामॉल तर मांजराला जीवघेणं.
नवीन खाण्याला तोंडच लावलं नाही तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून बसू नका. २४ तास काही खाल्लं नाही तर फोन करा. २-३ दिवस उपाशी राहिलं की चरबी यकृतात साठते, जाड मांजरांत जास्तच.

ए-००२ आजी: मी सकाळी वाटीभर दूधच देते की गं. नंदिनी डेअरीचं, चांगलं तापवून.

डॉक्टर अक्का: आजी, मोठ्या मांजराला दुधातली साखर पचत नाही, तापवलं तरी ती तशीच राहते. दहीभातही नको, दुधातलं प्रथिन परत पोटात गेलं की पहिल्या दिवसापासून मोजणी.

बी-२०१ अण्णा: वॉचमनच्या केबिनमागं बांगड्याची डोकी पण पडलेली असतात. महिनाभर मनी घरातच ठेवा वहिनी, नाहीतर खर्च तुमचा आणि जेवण सगळ्या विंगचं.

सेक्रेटरी: केबिनमागचं आज साफ होईल. कुणीही मनीला काही घालू नये. जिन्याजवळ चिठ्ठी लावतो, मराठीत आणि कन्नडमध्ये.

ए-००२ आजी: दारात आली तर हाकलू काय तिला?

डॉक्टर अक्का: नको की आजी. वहिनींनी हायड्रोलाइज्ड आणलं तर त्यातलेच १० दाणे डबीत घालून तुमच्याकडं ठेवतील. तेवढे तिच्या दिवसाच्या मापातून कमी करायचे.

ए-००२ आजी: दहाच?

सी-३०२ वहिनी: दहाच, आजी. मोजून देणार.