मदत हवी आहे : वसतिगृहातल्या मुलांचा हिवाळा

नमस्कार मंडळी. मी धारणीकडच्या एका गावात मुलांच्या वसतिगृहाचं काम पाहतो. पाचवी ते दहावीची पोरं, बहुतेक कोरकू. दिवाळीहून परतली की बऱ्याच जणांना होळीपर्यंत घर दिसत नाही. मेळघाटातल्या थंडीत जेवणं लवकर आटोपतात आणि मग संध्याकाळ खायला उठते. लहानग्यांना आईची आठवण नेमकी तेव्हाच येते.

थोडं ठरवलंय. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. इथं आकाश काळंभोर, म्हणून मोठ्या मुलांना मध्यरात्री मैदानात घोंगड्या घेऊन झोपवणार. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. बाबा १९५६ साली गेले ते आपल्या वलगावजवळच, त्यामुळे तो दिवस नुसत्या भाषणांवर उरकायचा नाही. सकाळी हातात खराटे, रात्री कीर्तन.

अडलंय संक्रांतीपाशी. तिळाचे लाडू मुलांनीच वळावेत असं फार मनात आहे. शंभरेक पोरांना तीळ-गूळ किती लागेल? पाक कडक होऊ नये म्हणून काय करता? गरम मिश्रणाने लहानांचे हात भाजू नयेत, याची काळजी कशी घ्यायची? पतंग साध्या सुती दोऱ्यावरच उडवू, नायलॉनचा मांजा आवारात येऊ देणार नाही.

आणि शेकोटीभोवती रोज काय घ्यावं? पोरांनी आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी कोरकूतच सांगाव्यात असं वाटतं, पण बुजरी मुलं तोंड उघडत नाहीत. आश्रमशाळेत काम केलेल्यांनी त्यांना कसं बोलतं केलं, ते कृपया सविस्तर लिहा.