शिवरात्रीला स्वेटर धुऊन माळ्यावर, की होळीपर्यंत खुंटीवर?

सदरबझार (सातारा):
शिवरात्र झाली की त्याच आठवड्यात थंडीचे कपडे धुऊन, कडक वाळवून ट्रंकेत जायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. थंडी शिव शिव म्हणत जाते की होळीत जळते, तो वाद वेगळा. पहाटेचा गारवा होळीपर्यंत राहतोच, त्याला माणशी एक स्वेटर बाहेर ठेवला की भागतं. बाकीच्यांची घाई हवेसाठी. या दिवसांत आपल्याकडे हवा अगदी कोरडी असते आणि ऊन भरवशाचं. एप्रिलपासून वळीव कधीही गाठतो आणि जूननंतर साताऱ्यात भिंतीच ओल धरतात. स्वेटर थंडीत खराब होत नाही, श्रावणात ट्रंकेत होतो. त्याचं कारण मात्र आत्ताच आत गेलेलं असतं: कॉलरचं तेल, काखेतला घाम, बाहीच्या टोकाला लागलेला चहा. लोकर खाणारी अळी मळकी जागा आधी धरते.

धुण्याची रीत: स्वेटर उलटा करायचा, बटणं लावायची. बादलीत आठ लिटर साधं पाणी आणि लोकरीसाठीचं लिक्विड, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. रिठे असतील तर आठ-दहा रिठे फोडून, बिया काढून रात्री अर्धा लिटर पाण्यात भिजत घालायचे, सकाळी कुसकरून गाळून ते पाणी घ्यायचं. पांढऱ्या स्वेटरला रिठा नको, पिवळसर झाक येते. दहा मिनिटं बुडवून तळहाताने दाबायचं, चोळायचं नाही, ब्रश तर नाहीच. दोन-तीन पाण्यांतून काढायचं, आणि सगळी पाणी एकाच तापमानाची. पिळायचा नाही. जाड टॉवेलवर पसरून, गुंडाळी करून दाबली की निम्मं पाणी टॉवेलच घेतो. मग खाटेवर, सावलीत, आडवा. दांडीवर टांगलात तर पाण्याच्या वजनाने ताणतो आणि पुन्हा मापात येत नाही.

आणि फेब्रुवारीच्या सेलमध्ये नवा स्वेटर घेऊ नये. तो वर्षातले दहा महिने ट्रंकेतच राहणार.

माणखटाव:
सेलचं पटलं. धुण्याचं नाही. लोकरीला जितकं पाणी कमी लावाल तितकी ती टिकते.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. त्यालाच आपण स्वेटर आटला म्हणतो. तुमची रीत बरोबर आहे, पण ती घरोघरी तशीच पाळली जाणार का? बंबातलं गरम पाणी बादलीत असतंच, कपड्यांचा साबणचुरा हाताशी असतो. त्या चुऱ्यात बऱ्याचदा रक्त-दुधाचे डाग काढणारे एन्झाइम असतात. डाग प्रथिनांचा, लोकरही प्रथिनांचीच. रेशमाचंही तेच. दोन-तीन धुण्यांत कापडाचा जीव जातो.

घोंगडीचं तर विचारूच नका. माणदेशात विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. घोंगडी साबणात भिजवली की खळ निघते, ती लोळागोळा होते आणि अंगावर पहिल्यासारखी उभी राहत नाही. तिला ऊन द्यायचं. दुपारी बारा ते तीन खाटेवर पसरायची, दीड तासाने उलटायची, काठीने हलक्या हाताने झोडपायची, मग ताठ केसांच्या ब्रशने काठ आणि दुमड झाडायची. असं लागोपाठ तीन दिवस. अळीला उजेड सोसत नाही, अंडी शिवणीत आणि दुमडीत असतात. म्हणून नुसतं पसरून भागत नाही, झाडायलाच हवं.

आणि माणशी एकच स्वेटर? पहाटे पाचला धारा काढायला, उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याचा स्वेटर दवाने भिजतो. तो दिवसभर वाळतो तेव्हा दुसरा लागतो. दोन धरा. आमच्याकडे आभाळ निरभ्र, जमीन कोरडी. दुपारी कातडी भाजते आणि पहाटे दात वाजतात. होळीआधी आवरलेलं पुन्हा काढावं लागतं, ती मेहनत फुकट.

हळदपेठ (सांगली):
दोघंही लोकर धरून बसलात. बाजारातून आणलेले बहुतेक स्वेटर लोकरीचे नसतातच, अॅक्रिलिकचे असतात. आधी ते पारखा. आतल्या शिवणीतून बोटभर धागा काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि काडी लावा. लोकर कुरकुरत जळते, ज्योत काढली की बहुधा विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळली की भुकटी होते. अॅक्रिलिक वितळत, काळा धूर सोडत जळतं आणि टोकाला काळा टणक मणी उरतो, तो बोटाने फुटत नाही. मणी गार होईपर्यंत हात लावू नका, चटका जबर असतो. दोन्हींचं लक्षण दिसलं तर मिश्र धागा समजा आणि लोकरीसारखाच वागवा.

अॅक्रिलिक निघालं तर निम्मा वाद संपला. अळी ते पचवू शकत नाही, तेव्हा डांबरगोळीही नको. मशीनमध्ये, जाळीच्या पिशवीत, गार पाण्यात हलक्या फेऱ्यावर घाला. दोनच पथ्यं: गरम पाणी नको, इस्त्री नको. उष्णतेने हा धागा मऊ पडतो, ताणतो आणि चुण्या घट्ट बसतात. त्यावर गोळे येतात ते घासल्याने, म्हणून उलटा करूनच धुवा.

स्वेटरपेक्षा जास्त नुकसान होतं ते हळदीकुंकवाच्या साड्यांचं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत नेसलेल्या सुती साड्या खळीसकट कपाटात जातात. कसर, ती रुपेरी चपळ, लोकर शोधत नाही, तिला खळ आवडते. साडी ठेवणीत जाणार असेल तर खळ साध्या पाण्यात पूर्ण काढून, इस्त्री न करता सैल घडी घालून ठेवा. खळ पुन्हा नेसायच्या वेळी द्या.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि घाबरून लोक आणखी घासतात. हळदीच्या रंगाला साबणाचा क्षार लागला की तो लाल दिसतो, स्वच्छ पाण्याने क्षार गेला की पुन्हा पिवळा. पांढरं सुती असेल तर धुऊन ओलंच कडक उन्हात घाला, हळद उन्हात उडते. एका दिवसात नाही गेली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं करून घाला. रेशमाला हा उपाय नको, हळदीबरोबर साडीचा रंगही उडतो. तिथे भुकटी कोरडीच झटकायची, पाण्याचा हात लावायचा नाही, आणि ड्रायक्लीनवाल्याला डाग कशाचा ते सांगायचं.

पाटणखोरं:
सगळं झालं, पण ठेवणीत काय घालायचं ते कुणी नीट सांगितलं नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस थांबत नाही. कडुलिंबाचा पाला घाला म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पाला पुरता सुकलेला नसेल तर स्वतःची ओल कपड्यांना देतो आणि वास महिन्या-दोन महिन्यांत जातो, म्हणजे ऐन पावसाळ्यात राखण उठलेली. डांबरगोळी काम करते, फक्त लोक ती चुकीची ठेवतात. तिची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बसते. म्हणून गोळ्या तळाला नाही, सगळ्यात वर ठेवायच्या, पातळ सुती पुरचुंडीत, कापडाला थेट लागू न देता. झाकण घट्ट बसणारी पत्र्याची ट्रंक हवी. फटी असलेल्या लाकडी कपाटात गोळ्या घातल्या तर किड्यांना काही होत नाही, वास मात्र खोलीभर.

सदरबझार (सातारा):
पाटणकर, वाफेचं आणि झाकणाचं अगदी बरोबर. पण घरात तान्हं मूल असेल तर डांबरगोळी नकोच, यावर मी मागे हटणार नाही. काही मुलांच्या रक्तात जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं आणि घरच्यांना ते ठाऊकही नसतं. डांबरगोळ्यांतल्या दुलईत, दुपट्यात गुंडाळलेल्या अशा बाळांच्या रक्तपेशी फुटल्या आहेत, कावीळ वाढली आहे. ट्रंकेतून काढलेली दुलई नुसती झटकून बाळाच्या अंगावर घालणं हा धोका आहे. गोळी दिसायला पेपरमिंटसारखी, रांगतं मूल तोंडात घालतं, ते वेगळंच. ज्यांना वापरायच्याच आहेत त्यांनी त्यात कापूर मिसळू नये, कपडे काढल्यावर धुवावेत आणि वास पूर्ण जाईपर्यंत वाऱ्यावर ठेवावेत.

स्वच्छ आणि कडक वाळलेला कपडा जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवला तर गोळीची गरजच राहत नाही.

माणखटाव:
प्लास्टिकमध्ये किंचित ओल राहिली तरी बुरशी धरणार. जुन्या धोतरात बांधा, हवा खेळती राहते.

सदरबझार (सातारा):
धोतराच्या फटीतून अळीही आत शिरते. ओल राहिली का ते कळतं. ऊन उतरल्यावर, कपडा उन्हाने तापलेला नसताना, बाहीची दुमड आणि काखेची शिवण ओठाला लावून पाहा. गार लागली तर अजून एक दिवस. बोटाला जे कळत नाही ते ओठाला कळतं.

गावभाग (सांगली):
माळ्यावर ठेवण्याचं कुणी खोडलं नाही ते बरं केलं. कृष्णेच्या कडेला राहणाऱ्यांनी २००५, २०१९, २०२१ पाहिलं आहे. पलंगाखालच्या पेटीत लोकर आणि वाकळा ठेवू नयेत. पुराच्या चिखलात भिजलेली वाकळ सहसा फेकावीच लागते.

पण वाकळ शिवरात्रीला धुवायची याला माझा विरोध आहे. कोरडी तीन किलोची वाकळ भिजली की एकट्याला जड जाते. घरच्या मशीनमध्ये ती एका बाजूला गोळा होते, ड्रम आदळतो, बेअरिंग जातं. ती धुवायची पायाने तुडवून, फरशीवर, आणि वाळवायला दोन दिवस दोन्ही बाजूंनी ऊन, तेही गच्चीच्या कठड्यावर पसरून. दोरीवर लोंबली तर आतलं जुनं लुगडं टाक्याशी फाटतं. आणि या दिवसांत शिवारात उसाचं पाचट पेटवलेलं असतं. काजळीचे काळे पापुद्रे उडत येतात, ओल्या कापडाला चिकटतात आणि झटकायला गेलात तर पसरतात. पेटवणं बहुतेक संध्याकाळी असतं, म्हणून वाळत घातलेलं चारच्या आत काढावं लागतं. शिवाय घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण आपण धुतोच. मग सात महिन्यांत दोनदा कशाला?

सदरबझार (सातारा):
कारण घटाआधीचं धुणं भाद्रपदात येतं आणि तेव्हा दोन दिवस सलग ऊन मिळेल याची खात्री नाही. अर्धवट वाळलेली वाकळ आतून कुजते. आत्ता धुतलेली आठ दिवसांत सुद्धा वाळवता येते. काजळीचं मान्य. सकाळी आठला घालून साडेतीनला काढायची आणि वर जुनी पातळ चादर टाकायची. अंगाला लागणारी बाजू जुन्या सुती साडीची खोळ घालून झाकली तर वर्षभर खोळच धुवायची, वाकळ नाही.

गावभाग (सांगली):
खोळ चालेल. पण चारही बाजूंनी शिवू नका, एका बाजूला बांधायचे बंद लावा, दर साडेतीन-चार बोटांवर एक. गुंड्या लावल्या तर झोपेत टोचतात.

माणखटाव:
घोंगडीला खोळ नको, एवढं सांगून ठेवतो. आणि कॉलरचं तेल मी मान्य करतो. अख्खा स्वेटर न भिजवता तेवढ्याच जागी रिठ्याच्या पाण्याचा ओला फडका टिपायचा, मग साध्या पाण्याचा, मग कोरडा. उरलेल्याला ऊन. यात तुमचंही राहिलं आणि लोकरीचंही.

सदरबझार (सातारा):
काख?

माणखटाव:
काख भिजवा.