दिल्लीहून स्वस्तात आणलेली डिझेल गाडी: दुरुस्त करीत राहावी की विकून टाकावी?

लष्करवासिनी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो आणि माझी शाळा डबऱ्याला आहे. २०२४ च्या दिवाळीत आम्ही दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडून २०१५ च्या नोंदणीची एक छोटी डिझेल गाडी २,१०,००० रुपयांना घेतली. कर्ज काढायचे नाही असे घरात ठरलेले होते, हाताशी तेवढीच रक्कम होती, आणि त्याच वर्षाची तशीच गाडी ग्वाल्हेरच्या बाजारात पाऊण लाखाने महाग पडत होती. गाडी दिसायला स्वच्छ, आकडा ६८,००० किलोमीटरचा, टायर नवे. नाही म्हणावे असे तेव्हा काहीच दिसले नाही.

पहिल्या दोन महिन्यांत क्लच गेला, होळीच्या सुमारास दोन इंजेक्टर बदलावे लागले. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर गेला की तापमानाचा काटा वर चढू लागे आणि एसी बंद करून, उलट हीटर चालू ठेवून झाशी रोडवरून घरी यावे लागे. मेकॅनिकने रेडिएटर आणि वॉटर पंप दोन्ही बदलले. त्यानंतर काही आठवडे बरे गेले, पण आता थंडी पडली तरी कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली पुन्हा रिकामी होऊ लागली आहे. गाडीखाली फरशीवर थेंब दिसत नाही. सकाळी गाडी सुरू केली की मागून पांढरा धूर येतो आणि त्याला काहीसा गोडसर वास असतो.

आजवर दुरुस्तीवर ८५,००० रुपये गेले आहेत. मेकॅनिक आता इंजिन खोलावे लागेल म्हणतो आणि ४०,००० सांगतो. यजमानांचे म्हणणे असे की एवढे घातले आहेत तर हेही घालू, म्हणजे गाडी एकदाची मार्गी लागेल. मला वाटते की ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला आहे. पैशांपेक्षा अधिक त्रास या गोष्टीचा होतो की सकाळी निघताना आपण वेळेवर पोहोचू की नाही याची खात्री नसते आणि वर्गात मुले बसलेली असतात. कागदपत्रांचेही एक दुखणे आहे: आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) अजून दिल्लीच्या मूळ मालकाच्याच नावावर आहे. व्यापाऱ्याने फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे कागद) सह्या करून दिले होते आणि ना हरकत प्रमाणपत्र पाठवतो म्हणाला होता, ते आलेले नाही. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

मुरारकर

ताई, आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निम्मे निदान त्यातच झाले आहे. उन्हाळ्यातल्या काट्यासंबंधी आधी थोडे लिहितो, कारण पुष्कळ मेकॅनिक इथेच चुकीचा भाग बदलतात. गाडी उभी असताना, म्हणजे फाटकावर किंवा गर्दीत, काटा चढत असेल आणि वेग घेतल्यावर उतरत असेल तर दोष पंख्याचा, त्याच्या रिलेचा किंवा रेडिएटरच्या जाळीत साठलेल्या धुळीचा असतो, कारण वेगात वारा आपोआप मिळतो. मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने जाताना काटा चढत असेल तर पाण्याचे वहनच नीट होत नाही असे समजावे. तेव्हा थर्मोस्टॅट, पंप किंवा आतून बुजलेला रेडिएटर पाहावा लागतो. आणि बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत असेल, सोबत गोडसर वासाचा पांढरा धूर असेल, तर कूलंट इंजिनाच्या आत जळत आहे. याचे नेहमीचे कारण हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधला पातळ थर, जळणे.

चाळीस हजारांचा होकार देण्यापूर्वी एक तपासणी समोर उभे राहून करून घ्या. रात्रभर उभी राहून पूर्ण गार झालेल्या गाडीचे कूलंटचे झाकण उघडावे (गरम इंजिनाचे कदापि उघडू नये, वाफेने हात भाजतो) आणि मग इंजिन सुरू करावे. पाण्यात बुडबुडे सतत येत राहिले तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. त्यानंतर तेल भरण्याचे झाकण उलटे करून पाहावे. आत दुधी, चिकट थर दिसला तर पाणी तेलात गेल्याची शंका येते. पण थंडीत गाडी थोडेच अंतर चालत असेल तर नुसत्या दमटपणानेही झाकणाला असा थर येतो, म्हणून डिपस्टिकवरचे (तेलाची पातळी पाहायच्या पट्टीवरचे) तेलही पाहूनच मत बनवावे. तिथे तेल स्वच्छ असेल तर अजून वेळ गेलेली नाही.

आपल्या मेकॅनिकने आजवर बाटलीत काय भरले हेही विचारा. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते. ते गरम इंजिनात फिरले की क्षार आत चिकटून बसतात आणि वर्षभरात नव्या रेडिएटरचीही तीच गत होते. कूलंट नेहमी डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलेच घालावे.

स्वस्ताईचे कारणही सांगून ठेवतो, कारण अशाच गाडीच्या शोधात असलेले इतर लोक हे वाचतील. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच धोरण कायम ठेवले. त्यामुळे आपण गाडी घेतली त्या सुमारास दहा वर्षे भरत आलेली डिझेल गाडी तिथे कवडीमोल होत असे आणि आपल्यासारख्या जवळच्या शहरांत येत असे. गाडी तेवढ्यावरून वाईट ठरत नाही, बाहेरच्या राज्यात तिची आरसी पंधरा वर्षांपर्यंत चालते. मात्र ही गाडी आपल्याला ठेवता येणारच नाही असे ज्या मालकाला तेव्हा वाटे, तो शेवटची दोन वर्षे तिच्यावर एक रुपयाही खर्च करीत नसे. कूलंट बदलले जात नसे, इंजेक्टर साफ होत नसत, क्लच घासतच राही. त्या दोन वर्षांची देखभाल आपण केली, असे मी म्हणेन.

कंपूचे वकील

दुरुस्तीचे मला कळत नाही, पण कागदांची जी अवस्था आपण लिहिली आहे तिच्याकडे इंजिनाच्या आधी पाहावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे गाडी घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाची सूचना द्यायची असते, आणि दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवली तर इथला नवा क्रमांक घेणे बंधनकारक आहे. दोन्ही मुदती उलटल्या आहेत. दंड भरून हे मार्गी लागेल, परंतु त्यासाठी दिल्लीच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हवेच, आणि मध्य प्रदेशाचा कर वेगळा भरावा लागेल. तो कर गाडीच्या किमतीत धरलेला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे पाऊण लाखाचा फायदा तेव्हाही पाऊण लाखाचा नव्हता.

विम्याचे तर अधिकच नाजूक आहे. गाडी विकली गेली की तृतीय पक्षाचा विमा कायद्याने नव्या मालकाकडे जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप जात नाही. तो चौदा दिवसांत नावावर करून घ्यावा लागतो. शिवाय आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) हा त्या माणसाचा असतो, गाडीचा नसतो. आज आपल्या गाडीला अपघात झाला तर आपल्याला भरपाई मिळणे कठीण जाईल. तिकडे दिल्लीतील त्या मूळ मालकावरही टांगती तलवार आहेच, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात असा निर्णय दिला की, गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणून व्यापारी दाद देत नसेल तर थेट त्या मालकाला पत्र लिहा. ना हरकत प्रमाणपत्र काढून देण्यात त्याचेही हित आहे आणि तो ते बहुधा व्यापाऱ्यापेक्षा लवकर करील.

एक गोष्ट तपासावी असे सुचवतो. गाडी ज्या कंपनीची आहे तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी क्रमांक देऊन जुन्या सर्व्हिसचा तपशील मागा. प्रत्येक नोंदीसमोर तारीख आणि किलोमीटर असतात.

लष्करवासिनी

दोघांचेही मनापासून आभार. यजमान आणि मी काल सकाळी मुरारकर काकांनी सांगितल्याप्रमाणे झाकण उघडून पाहिले. बुडबुडे थांबतच नव्हते, आणि पाणी हिरवे नसून गंजाच्या रंगाचे होते. डिपस्टिकवरचे तेल मात्र काळे आणि साधे आहे, दुधी नाही.

सर्व्हिस सेंटरमधील नोंद पाहून मी सुन्न झाले. २०२१ च्या जुलैमध्ये या गाडीचे १,१२,००० किलोमीटर झालेले होते. आम्हाला तीन वर्षांनी ती ६८,००० म्हणून विकली. क्लच आणि इंजेक्टर का गेले याचा उलगडा आता झाला. त्या वयाला ते जायचेच होते. आता दुरुस्ती करायची, विकायची की भांडायचे, हेच कळेनासे झाले आहे.

थाटीपूर

मी दुरुस्तीच्या विरुद्ध मत मांडणार आहे आणि त्याचे कारण हिशेबाचे आहे. आजवर गेलेले ८५,००० रुपये आपण गाडी ठेवली तरी परत येणार नाहीत आणि विकली तरीही येणार नाहीत, त्यामुळे निर्णयात त्यांचा विचारच करू नये. प्रश्न एवढाच की यापुढच्या दोन वर्षांत ही गाडी काय मागेल. चाळीस हजार इंजिनाचे, नोंदणी आणि कराचे वेगळे, आणि खरे किलोमीटर दीड लाखाच्या आसपास असतील तर टर्बो आणि सस्पेन्शनही रांगेत उभे आहेत. तेवढी रक्कम घालूनही बाजारात या गाडीचे दोन लाख येणार नाहीत.

बाजारही बदलला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के आणि वर उपकर होता, तो १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या उतरल्या की जुन्यांचे भाव मागोमाग उतरतात. त्यात आपल्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात गेल्या काही वर्षांत राज्य शासनाने वाहन करात ५० टक्के सूट दिलेली आहे, आणि ती जाहीर झाली की शहरातले पुष्कळ लोक आपली चांगली चालणारी पेट्रोल गाडी काढून नवी घेतात. आपल्याला नवी गाडी घ्या असे मी म्हणत नाही. मेळ्यानंतर त्या लोकांपैकी कुणाची एमपी ०७ (म्हणजे ग्वाल्हेरच्याच) क्रमांकाची, एकाच मालकाची छोटी पेट्रोल गाडी शोधावी; तिचा इतिहास गावातच विचारता येतो. तोपर्यंत डबरा मुख्य रेल्वेमार्गावर आहे, आगगाडीने जावे.

मात्र ही गाडी विकताना गॅसकेटचे आणि किलोमीटरचे सत्य घेणाऱ्याला लेखी सांगूनच विकावी. भाव कमी येईल. जो प्रकार आपल्या वाट्याला आला तो दुसऱ्या एखाद्या शिक्षिकेच्या वाट्याला जाऊ नये.

कंपूचे वकील

थाटीपूरकरांच्या हिशेबाशी मी सहमत आहे, पण ताई, इतक्यात गाडी विकू नका. ती आता पुरावा आहे.

खासगी व्यक्तीकडून गाडी घेतली असती तर ग्राहक आयोगाचा मार्ग बंद असता. आपण व्यापाऱ्याकडून घेतली आहे, आणि किलोमीटरचा आकडा मागे फिरवून गाडी विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार आपण जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे ग्वाल्हेरलाच, दाखल करता येते. दिल्लीला खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण ती पुरती वापरण्याची गरज नाही. सर्व्हिस सेंटरकडून तो तपशील शिक्क्यासह घ्या, व्यापाऱ्याची पावती, त्याच्याशी झालेले मोबाइलवरचे संदेश आणि दुरुस्तीची सगळी बिले जोडा, आणि आधी नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवा. त्या नोटिशीत ना हरकत प्रमाणपत्राचीही मागणी करा. पुष्कळ व्यापारी नोटिशीवरच तडजोडीला येतात. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घेऊन ठेवला तर तोही कागद उपयोगी पडतो.

मुरारकर

वकीलसाहेबांचे म्हणणे योग्य आहे, म्हणून माझ्या सल्ल्यात बदल करतो. तडजोडीचे चित्र स्पष्ट होईपर्यंत इंजिन खोलू नका आणि गाडी रस्त्यावर काढू नका. या अवस्थेत एकदा जरी ती जास्त तापली तर हेड वाकते आणि काम दुप्पट होते. बॅटरी उतरू नये म्हणून तिची वायर काढून ठेवावी.

पैसे परत मिळाले आणि गाडी द्यावी लागली तर प्रश्नच मिटला. गाडी आपल्याकडेच राहिली आणि विकण्यापूर्वी दुरुस्त करायची ठरली, तर मेकॅनिकशी चाळीस हजारांचा ठोक व्यवहार करू नका. हेड उतरवून ते मशीन शॉपला नेऊन सपाटी तपासायची, तडा आहे का पाहायचा, आणि तो अहवाल हाती आल्यावरच पुढचा आकडा ठरवायचा, असे आधी कबूल करून घ्या. हेड सरळ निघाले तर गॅसकेट, बोल्ट, तेल, कूलंट आणि मजुरी मिळून सांगितलेल्या रकमेपेक्षा बरेच कमी लागायला हवे. काढलेले जुने गॅसकेट मागून घ्या. ते कुठून जळले आहे हे त्यावर डोळ्यांना दिसते आणि वकीलसाहेबांच्या फाइललाही लावता येते. मशीन शॉपला जायची वेळ आली तर इथे लिहा, मी मुरारहून सोबत येईन.