मदत हवी आहे: अंबा घाटात ईएससी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप सावरणारी सिस्टिम) सारखं मध्ये पडतंय, बंद करू का?

घाटवेडा: अंबा घाट चढताना हेअरपिनमधून बाहेर पडतोय, जरा ॲक्सिलरेटर दाबला की पिवळा दिवा लुकलुकतो आणि पॉवर गायब, परत येते तोवर पुढचं वळण आलेलं असतं, सगळी मजाच जाते. पूर्ण बंद केलं तर चालेल का? लवकर सांगा, रविवारी परत साखरप्याकडे निघायचंय.

सावंतवाडीकर: गाडी खंयची ता आधी सांग मरे. रस्तो सुको की ओलो?

घाटवेडा: सगळ्या गाड्यांत तेच असतं ना? बीएमडब्ल्यूची झेड-फोर, ३५आय, २०११ ची, सेकंडहँड घेतली. रस्ता सुका.

कुंभार्लीकिंग: बटण दाबून धर, बंद कर, विषय संपला. मी चिपळूणहून वर चढताना नेहमी बंदच ठेवतो. स्पोर्ट्स कार घ्यायची आणि कॉम्प्युटरला चालवू द्यायची?

गॅरेजवाला_दापोली: किंग, असले सल्ले देऊ नका हो. स्टेअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरोखर किती फिरतेय हे ती सिस्टिम सतत ताडून बघते, फरक दिसला की नेमक्या एका चाकाला ब्रेक मारते आणि इंजिनची पॉवर कापते. आपल्या पायाला चारही चाकांसाठी एकच पेडल आहे, हे काम कितीही चांगल्या ड्रायव्हरला जमणार नाही. ट्रॅकवर गाडी घसरली तर बाहेर मोकळी जागा असते, घाटात दरी असते आणि समोरून एसटी.

कुंभार्लीकिंग: ही सिस्टिम १९९५ ला मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली, त्याआधी लोक घाट चढतच नव्हते का?

गॅरेजवाला_दापोली: चढत होते, पण तेव्हा आपल्या घाटात तीनशे हॉर्सपॉवरच्या, मागच्या चाकांना पॉवर देणाऱ्या गाड्या किती होत्या? घाटवेडा, बटण एकदाच दाबलं तर डीटीसी नावाचा सैल मोड चालू होतो, त्यात सिस्टिम मागचं चाक थोडं घसरू देते पण गाडी आडवी व्हायला लागली की सावरते. तुम्हाला तेवढं पुरे. पण सुक्या रस्त्यावर जराशा दाबाने दिवा लागतोय म्हणजे आधी टायर बघा.





घाटवेडा: टायरना नक्षी भरपूर आहे, तो प्रश्नच नाही.

गॅरेजवाला_दापोली: नक्षी नको, टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाचा.

घाटवेडा: मागचे ३६१४.

गॅरेजवाला_दापोली: म्हणजे २०१४ च्या छत्तिसाव्या आठवड्यातले! रबर कडक झालंय, पकड उरलेली नाही, सिस्टिम बिचारी बरोबरच सांगतेय. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सरळ राहतं का?

घाटवेडा: किंचित डावीकडे असतं, घेतली तेव्हापासून.

गॅरेजवाला_दापोली: मग अलाइनमेंट पण करा आणि स्टेअरिंग किती वळलंय ते मोजणाऱ्या अँगल सेन्सरचा शून्य लावून घ्या. तो चुकला असेल तर गाडी सरळ जात असताना सिस्टिमला वाटतं तुम्ही वळताय, आणि ती उगाच मध्ये पडते.

कुंभार्लीकिंग: हे मान्य. पण टायर बदलल्यावर एकदा बंद करून बघच.

गॅरेजवाला_दापोली: रिकाम्या ट्रॅकवर बघू दे, अंबा घाटात नाही. मागची जोडी एकदम घ्या, पुढच्या टायरचा साइज वेगळा असू शकतो तेव्हा आकडे बघूनच ऑर्डर करा. नवीन टायर सुरुवातीला जरा घसरतात, म्हणून या रविवारी घाट नको, हायवेला शांतपणे चालवून घ्या.